दोरा तुटण्याआधी

बसा. मांडवात नको. तिथल्या खुर्च्या पुढाऱ्यांसाठी राखीव असतात आणि लाउडस्पीकरचा भोंगा नेमका कानाशी येतो. इकडे धुऱ्यावर या, बाभळीच्या सावलीत. खाली दुपट्टा टाका, माती अजून गार आहे. समोरच्या वावरातली तूर निघाली आहे, पलीकडच्या पऱ्हाटीची उलंगवाडी झाली आहे आणि मधोमध नांगरून, वखरून, पाणी मारून, रोलर फिरवून एक सरळ वाट तयार केलेली आहे. हा शंकरपट. यवतमाळ जिल्ह्यात दिवाळी उलटली, कापूस घरात आला की कुठल्या ना कुठल्या गावात पट असतोच. गावाचं नाव विचारू नका. दारव्ह्याच्या बाजूचं समजा, आर्णीच्या बाजूचं समजा. काळी माती सगळीकडे सारखीच चिकटते.

मोबाइल खिशात ठेवा. फोटोत नुसती धूळ येते, हे मी पंचवीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो. त्यातली पहिली काही वर्षं तर माझ्या मोबाइलमध्ये कॅमेराच नव्हता.

आता डोळे मिटा. धावायला अजून अवकाश आहे. आधी नुसतं ऐका.

सगळ्यात मोठा आवाज निवेदकाचा आहे. त्याला जाऊ द्या, तो दिवसभर थांबणार नाही. त्याच्या खाली काय ऐकू येतं? टेम्पोच्या फाळक्याला लावलेल्या फळीवर खुरांचा आवाज येतो. आधी दोन ठोके, मग थांबणं, मग घाईघाईनं चार. बैल उतरला. कुठेतरी घुंगरमाळ हलते. पाण्याची बादली जमिनीवर ठेवल्याचा आवाज. कढईत भजी पडल्याचा चुर्र. कुणीतरी खर्रा घोटतंय, प्लास्टिकवर प्लास्टिक घासल्यासारखा तो कोरडा आवाज. वास घ्या. भिजलेली सरकीची ढेप, शेण, बैलाच्या अंगचा घाम, ताजा शेंदूर. यातला एक वास निवडा आणि दोनचार श्वास त्याच्याबरोबर राहा. मी नेहमी ढेपेचा निवडतो. माझ्या आजोळच्या गोठ्यात तोच होता.

डोळे उघडा.

एक हिशेब करू, छोटासा. समजा आज साठ जोड्या धावल्या. चांगल्या जोडीला ही वाट संपवायला सहा-सात सेकंद लागतात. सातच धरा. साठ गुणिले सात म्हणजे चारशे वीस सेकंद, म्हणजे सात मिनिटं. तुम्ही सकाळी नऊला आलात, दिवे लागायला घरी जाल. दिवसभराच्या उन्हात बसून सात मिनिटांची धाव. तीन दिवसांचा पट असेल तर एकवीस मिनिटं. बायको मला दर वर्षी हेच विचारते, फक्त तिचा हिशेब इतका नेटका नसतो. ती म्हणते, दिवसभर काय पाह्यता जी तिथं?

हा प्रश्न घेऊनच आज बसायचं आहे. उत्तर द्यायची घाई नको.

*

शर्यतीचा शौक लागलेला माणूस कुठल्याही मुलखात असाच बसलेला असतो. माझा भाचा अमेरिकेत इंडियानापोलिसला असतो. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिकडे कामगार दिनाची सुटी असते, आणि त्या सुट्टीला जोडून तिथं ड्रॅग रेसिंगची सगळ्यात मोठी शर्यत होते, यूएस नॅशनल्स. पहिली 1955 साली कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला झाली होती. 1961 पासून ती इंडियानापोलिसला आहे. भरवणारी संस्था एनएचआरए, वॉली पार्क्स नावाच्या माणसानं 1951 साली काढलेली. दोन गाड्या, दोन सरळ पट्ट्या, वळण नाही, दुसरी फेरी नाही. पाव मैल, म्हणजे 1320 फूट. सर्वांत वेगवान गाड्यांसाठी 2008 पासून 1000 फूटच, कारण त्या वर्षी स्कॉट कॅलिटा नावाचा चालक धाव संपल्यावर गाडी न थांबल्यानं गेला. त्या गाड्या हजार फूट पावणेचार सेकंदांच्या आत-बाहेर कापतात, ताशी सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास पोचतात आणि मागं छत्र्या उघडून थांबतात. भाचा सांगतो, आवाज कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो, आणि नायट्रोमिथेनच्या धुरानं डोळ्यांतून पाणी येतं.

पण त्याला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. तिथं तिकीट काढलं की गाड्या दुरुस्त करतात त्या तंबूंपर्यंत जाता येतं. एक धाव झाली की माणसं सगळं इंजिन खोलतात, पुन्हा जोडतात आणि तासा-दीड तासात पुढच्या फेरीला उभी राहतात. लोक दोरीपलीकडून मुकाट्यानं पाहत असतात. मी त्याला म्हटलं, म्हणजे तुमच्याकडेही लोक बैल धुताना पाहायला येतात.

2024 साली एक गंमत झाली. 2 सप्टेंबरला, सोमवारी, आमच्याकडे पोळा होता आणि त्याच दिवशी त्याच्या शर्यतीचा शेवटचा दिवस. इकडे आदल्या रात्री खांदेमळणी झालेली, बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळलेली. दुपारनंतर तोरणाखाली जोड्या उभ्या, झडत्या म्हणणाऱ्यांचे घसे बसलेले. पोळा फुटला, आम्ही बैल घरी आणून ओवाळले, आणि रात्री व्हिडिओ कॉलवर भाचा मला त्याच्या तिथली सकाळ दाखवत होता. गाडीच्या चाकांना कुणीतरी हात लावून पाहत होतं. अगदी बैलाच्या खांद्याला लावतात तसा.

आपल्याकडेही मोटारींचं हे वेड नाही असं नाही. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर 'व्हॅली रन' नावानं पाव मैलाच्या शर्यती झालेल्या आहेत. मी गेलो नाही. इथली ढेकळं सोडून तिकडच्या डांबरावर बसायला मला कुणी बोलावलंही नाही म्हणा.

*

आता वाटेच्या या टोकाला पाहा. जोडी आली आहे.

दोन माणसं बैलांच्या तोंडाशी, दोघांनी वेसणी धरलेल्या. मागं हलका छकडा, इतका हलका की दोन पोरं उचलून नेतील. त्यावर धुरकरी. त्याच्या हातात कासरे आहेत आणि बाकी काही नाही. म्हणजे नसावं असा नियम आहे. वाटेवर आडवा एक दोरा ताणलेला आहे, साधा पांढरा शिवायचा दोरा. बैलाच्या छातीला लागून तो तुटला की घड्याळ सुरू होतं. पलीकडच्या टोकाला असाच दुसरा, तो तुटला की बंद. मध्ये जे घडतं त्याचे सेकंद आणि सेकंदाचे शंभरावे भाग लाल आकड्यांत फलकावर उमटतात.

मी पहिल्यांदा पटात आलो तेव्हा सगळा वेळ त्या लाल आकड्यांकडेच पाहत होतो. शेजारी माझे मामाजी बसलेले. त्यांनी तीनचार जोड्या मला पाहू दिलं. मग म्हणाले, "घड्याळीकडं काय पाह्यतं लेका? थे तं भोंगेवाला सांगतेच. कानाकडं पाय. बैलाच्या कानाकडं."

तुम्हीही तेच करा. पलीकडच्या नाही, अलीकडच्या बैलाकडे पाहा. एक कान पुढं आहे, एक मागं वळलेला. मागचा कान धुरकऱ्याचा आवाज शोधतो आहे. माशी बसली तर कातडी थरथरते, कान मात्र हलत नाही. मान जराशी खाली जाते. आता मागच्या पायांकडे या, वजन तिकडे सरकलं आहे. खूर मातीत दोन बोटं रुतलेत. वेसण धरलेल्या पोराचे ओठ हलताहेत, तो बैलाशी काहीतरी बोलतोय. काय, ते आपल्याला ऐकू येणार नाही आणि ऐकायचंही नाही.

इथंच थांबा. श्वास अडवू नका, त्याला येऊ-जाऊ द्या.

ही जी घटका चालली आहे ती घड्याळात नाही. दोरा शाबूत आहे तोवर घड्याळावर सगळी शून्यं. जोडी एक मिनिट उभी राहिली काय किंवा पाच, बैल बिथरून एकदा मागं फिरवावा लागला काय, फलकावर त्याची खूण राहत नाही. भाचा म्हणतो, त्याच्या शर्यतीतही असंच आहे, फक्त त्यांनी ते जास्त बारीक करून ठेवलंय. वाटेच्या सुरुवातीला मध्ये एक खांब, त्यावर दिवे. 1963 पासून त्याला नाताळचं झाड म्हणतात. गाडी इंचाइंचानं पुढं सरकत प्रकाशाच्या एका किरणात येते, मग दुसऱ्या. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. पण गाडीचं घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही. चाक किरणातून बाहेर पडेल तेव्हा होतं. म्हणजे हिरवा लागल्यावर तुम्ही जो क्षणभर थबकलात, तो धावेच्या वेळेत धरत नाहीत. तो वेगळा लिहितात. म्हणून तिथं कधीकधी जास्त वेळ घेणारी गाडी जिंकते, कारण तिचा माणूस आधी हलला. आणि हिरव्याच्या आधी हलला तर लाल दिवा, घरी जा.

मला हे ऐकून मामाजींची आठवण आली. ते कधी कुठली मोटार शर्यत पाहायला गेले नव्हते. त्यांची सगळ्यात लांबची यात्रा पंढरपूर. पण थबकलेला क्षण वेगळा लिहायचा असतो, हे त्यांना माहीत होतं. ते तोच पाहायला येत.

*

सुटली.

पाहिलंत? नाही ना. दोरा तुटला तेव्हा तुमची पापणी लवली. मग धूळ, मग दोन पाठी वरखाली, एका लयीत असल्यासारख्या आणि मग नसल्यासारख्या, धुरकरी जवळजवळ आडवा, लोकांची एकच हाक, आणि त्या टोकाला नांगरलेल्या वावरात जोडी अडवायला हात पसरून धावणारी माणसं. संपलं. भोंग्यातून आकडा आला. लोकांनी "हौ!" केलं किंवा "छ्या" केलं.

तुम्हाला काही दिसलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कुणालाच दिसत नाही. सहा सेकंदांत माणूस एकच गोष्ट पाहू शकतो, जोडी नाहीतर फलक. आणि जोडीतही एकच बैल. तुम्ही निवडलेल्या बैलाचं एखादं चित्र मनात राहिलं असेल, उडालेल्या खुराचं, नाहीतर लाळेच्या तंतूचं. ते एक ठेवा. बाकीचं धुळीला देऊन टाका.

आमच्या जिल्ह्याच्या वेशीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला मोठा नावाजलेला पट भरतो. तिथं बायाही जोड्या हाकतात. तिथं एकदा शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, कोणती जोडी गेली जी? मी जोडीमालकाच्या गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "थे नाई इचारलं. पांढरी का कोशी?" मला सांगता आलं नाही. मी आकडा पाहत होतो. मामाजी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

*

आता एक अवघड गोष्ट. तीही इथंच, याच धुऱ्यावर बसून पाहायची आहे. उठून भज्यांकडे जाऊ नका.

बैलाला यातलं काय कळतं?

त्याला सेकंद माहीत नाहीत. बक्षीस माहीत नाही. पटाच्या नावात शंकर आहे आणि तो शंकराचं वाहन, हेही त्याला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या मुलखाच्या आसपासचे गवळाऊ बैल मराठ्यांच्या काळात फौजेचं सामान झपाट्यानं ओढण्यासाठी नावाजले होते असं सांगतात. म्हणजे धावणं त्याच्या रक्तात आपणच निवडून निवडून घातलेलं. तो धावतो हे खरं. त्याला धावायचं असतं का, हे मी सांगू शकत नाही. जे छातीठोक 'हो' म्हणतात त्यांच्या हातात पूर्वी तुतारीची काठी असायची, टोकाला आर बसवलेली. मी बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे ठिपके पाहिलेत. पाहूनही पुढच्या वर्षी आलोय. हे सांगायला बरं वाटत नाही, पण धुऱ्यावर बसून खोटं बोलायचं असेल तर मांडवात जाऊन बसलेलं बरं.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर या शर्यतीही थांबवल्या. 2017 साली आपल्या विधिमंडळानं कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडली. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती दुरुस्ती कायम केली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाचा दाखला लागतो. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका, सगळ्याला मनाई. मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद. कागदावर हे चांगलं आहे. वाटेवर किती उतरलंय ते प्रत्येक पटात आपल्या डोळ्यांनी पाहायचं. शौकिनाचं ते कामच आहे, असं आता मला वाटतं. धुरकऱ्याचा हात रिकामा आहे ना, इतकं तरी.

2014 ते 2021, साडेसात वर्षं. 2012 साली जन्मलेलं गोऱ्हं या काळात मोठं झालं, भरात आलं आणि उतारालाही लागलं. एका माणसाकडे मी असा बैल पाहिला होता. धावेचाच, अंगानं तसाच, पण एकदाही वाटेवर न उतरलेला. मालक त्याला वखराला जुंपायचा. संध्याकाळी औत सुटलं की तो बैल गोठ्याच्या दिशेनं दोनशे पावलं मोकळा धावायचा आणि दारात येऊन उभा राहायचा. आजूबाजूला ना दोरा, ना फलक. मालक हसून म्हणायचा, याचा पट रोजच भरते.

ते धावणं कशासाठी होतं? पाण्यासाठी असेल. ढेपेसाठी असेल. मी त्यावर बरेच दिवस विचार केला आणि मग सोडून दिला. तुम्हीही थोडा वेळ तो प्रश्न धरा आणि हात सैल करा.

*

उठा आता. पाय आखडले असतील, सावकाश. लोक पुढच्या जोडीकडे वळलेत; आपण उलट्या दिशेनं जाऊ, जिथं धावून आलेली जोडी फिरवताहेत.

धावून आलेला बैल लगेच बांधत नाहीत आणि लगेच पाणीही पाजत नाहीत. अंगावर झूल टाकून त्याला चालवत राहतात, लिंबाच्या झाडापर्यंत आणि परत. पाच-सहा हात अंतरावर उभे राहा. फार जवळ नको, तो अजून धावेतच आहे. त्याच्या कुशीकडे पाहा, बरगडी संपते तिथं. लोहाराचा भाता चालावा तशी ती आत-बाहेर होते आहे. नाकपुड्या लाल, फुललेल्या. डोळा मोठा, त्यात झाडाची आडवी फांदी दिसते आहे.

मोजू नका. मोजायची सवय आहे आपल्याला, मी बजावून सांगतो. नुसतं त्या कुशीबरोबर राहा. त्याचा श्वास आपल्याला जमणार नाही, जमवायचाही नाही. आपला आपल्या गतीनं चालू द्या. झाडापर्यंत गेला. वळला. परत आला. आता कूस थोडी हळू झाली का? कदाचित. पुन्हा झाडापर्यंत. पोरगा वेसण सैल धरून चाललाय, दुसऱ्या हातात अर्धा आलूबोंडा. बैलानं थांबून मूत्र केलं; पोरगा थांबला. कानावर माशी बसली आणि या वेळी कान हलला, झटकन, साध्या गोठ्यातल्या बैलासारखा. पाहिलंत? दिवसभरातलं माझ्या आवडीचं हेच. कान परत बैलाचा झाला.

यालाही वेळ लागतो, पंधरा मिनिटं, कधी वीस. मागं भोंगा वाजत राहतो, आणखी तीनचार जोड्या जातात, कुणाचा तरी आकडा फार चांगला आला म्हणून फटाके फुटतात. बैल दचकला, पोरानं मानेवर हात ठेवला. हात तिथंच राहिला. झूल घसरली होती ती कुणीतरी सारखी केली. मग बादली आली. आधी त्यानं नुसतं नाक बुडवलं, फुरकन पाणी उडवलं, आणि मग लांब घोट घेत पिऊ लागला. घोट गळ्यातून खाली जाताना दिसतात, एकामागून एक.

मी तिथं उभा होतो तेव्हा एक ओळखीचे गृहस्थ भज्यांचा कागद हातात घेऊन आले. त्यांची आताची धाव हुकली होती.

"काय भाऊ, हेच जोडी धावली न आता? किती लागले?"

"ऐकलं नाही बा."

"अरे, इथंच होते न तुमी?"

"होतो. डावा बैल पाणी पेला आत्ताच. उजवा अजून नाही पेला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे पाहिलं, आणि कागद माझ्यापुढे धरला. भजी गार झाली होती. आम्ही दोघं उजव्या बैलाची वाट पाहत उभे राहिलो.